नोटगेल्डचा अल्बम: हौस म्हणून घ्या, मुलीच्या शिक्षणाच्या भरवशावर नको

लाइपझिगला नोकरीनिमित्त राहणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे: तिथल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात नोटगेल्डचा, म्हणजे पहिलं महायुद्ध आणि त्यानंतरच्या वर्षांत जर्मन गावांनी काढलेल्या आपत्कालीन नोटांचा, अल्बम विकायला आहे. हिरवी कापडी बांधणी, सोनेरी अक्षरं, आत साधारण ३५० नोटा. दुकानदार २,४०० युरो मागतो. अल्बमसुद्धा त्याच काळातला, म्हणून दुर्मिळ, असं त्याचं म्हणणं. बँकेत ९,००० युरो आहेत. दहा वर्षांनी हा अल्बम विकून मुलीच्या शिक्षणाला हातभार लागेल का?

ताई, त्या भरवशावर घेऊ नका. कारण या नोटांच्या जन्मातच आहे. १९१४ मध्ये युद्ध सुरू झालं, लोकांनी नाणी दडवून ठेवली आणि सुट्या पैशांसाठी गावोगावी कागदी नोटा निघाल्या. पण १९२० ते १९२२ दरम्यानच्या रंगीत मालिका बहुतांशी संग्राहकांसाठीच छापल्या गेल्या. हामेल्नच्या नोटांवर उंदीर आणि पुंगीवाला, नाउम्बुर्गच्या नोटांवर काळ्या छायाकृती. नोटेवर मुदत छापलेली असे. ती संपेपर्यंत नोट परत आली नाही, की गावाचं देणं मिटलं आणि पैसे गावाकडेच राहिले. मग कोणतं गाव छापायचं थांबेल? शेवटी जुलै १९२२ मध्ये कायदा करून याला आवर घालावा लागला.

या छंदासाठीच असे अल्बम विकले जात. म्हणजे तुमच्यासमोरचा अल्बम सांगतो की या नोटा तेव्हाच हौसेने, नीट जपून ठेवल्या गेल्या. शंभर वर्षं जुनी वस्तू दुर्मिळ असतेच असं नाही. जी फेकली गेली ती दुर्मिळ होते, जी जपली गेली ती आजही ढिगाने मिळते. मालिकेतल्या सर्वसाधारण नोटा आज सुट्या एक-दोन युरोंना मिळतात. दुकानदार तुम्हाला सरासरी सात युरोंच्या आसपास भाव लावतोय. आत बीलेफेल्डच्या रेशमी किंवा लिननवर छापलेल्या नोटा असतील तर गोष्ट वेगळी, त्यांना खरंच वेगळा भाव आहे. तशा नसतील तर ३५० नोटांचे ३५० ते ७०० युरो धरा. वरचे पैसे तुम्ही बांधणीला मोजताय.

आता विक्रीचं बघू. समजा लिलावात बोली २,००० युरोंवर थांबली. घेणाऱ्याला वर २२ टक्के कमिशन पडलं, म्हणजे खर्च २,४४०. त्याच दिवशी तीच वस्तू त्याच बोलीला विकली आणि विकणाऱ्याचं कमिशन १५ टक्के धरलं, तर हातात १,७०० येतात. नुसतं मुद्दल सुटायला बोली जवळपास ४४ टक्क्यांनी वाढायला हवी. मध्ये व्याज नाही, लाभांश नाही. कराची बाजू मात्र चांगली आहे: जर्मनीत अशी खासगी वस्तू एक वर्षाहून जास्त ठेवून विकली तर नफ्यावर आयकर लागत नाही. पण नफाच नसेल तर त्या सवलतीचा उपयोग काय!

मला जास्त काळजी तुमच्या ९,००० युरोंची वाटते. नाशिकच्या फ्लॅटचा हप्ता धरून महिन्याचा खर्च २,८०० युरो आहे, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे जेमतेम तीन महिन्यांची सोय. राहण्याचा परवाना नोकरीवर टेकलेला असताना सहा महिन्यांचे, म्हणजे १६,८०० युरो तरी टागेसगेल्ड खात्यात, म्हणजे कधीही पैसे काढता येणाऱ्या व्याजाच्या खात्यात, हवेत. २,४०० दिले तर अडीच महिन्यांचासुद्धा खर्च उरत नाही. मुलीच्या शिक्षणासाठी दरमहा ठरावीक रक्कम स्वस्त खर्चाच्या इंडेक्स फंडात टाका, पण आधी हा निधी भरा.

तुम्ही असंही लिहिलंय की चलन बुडालं तरी या नोटा टिकल्या. कागद टिकला, ताई. ज्यांची बचत मार्कात होती ते नोव्हेंबर १९२३ पर्यंत पार बुडाले. तेव्हा एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क पडत होते.

तरीही त्या नोटांनी तुम्हाला ओढ लावली आहे हे पत्रात जागोजाग दिसतं, आणि ती ओढ मोलाची आहे. त्यासाठी वर्षाला ३०० युरो बाजूला काढा आणि परत येणार नाहीत असं समजून खर्च करा. लाइपझिग आणि आसपासच्या गावांच्या एकेक पूर्ण मालिका जमवा. या अल्बमवरच जीव जडला असेल तर दुकानात पानं उलटून बघा: नोटा कोपऱ्यांच्या चिरांत खोवल्या आहेत की मागून डिंकाने चिकटवल्या आहेत? चिकटवलेल्या असतील तर भाव निम्म्याखाली धरा. कागद तपकिरी पडलाय का, पिनांचा गंज नोटांवर उतरलाय का, तेही पाहा. सगळं ठीक असेल तर ५०० युरो सांगा, ६०० पर्यंत जा. दोन वर्षांची हौस एकदम भागेल. त्यावर एक युरोही नको.