पीडीएफ रिफ्लो केल्यावर काही फायलींत फॉन्ट बदलतो, काहींत नाही. असं का?

ई-रीडरवर पीडीएफ रिफ्लो करून (म्हणजे मजकूर पडद्याच्या रुंदीत नव्याने मांडून) वाचताना काही फायलींत फॉन्ट बदलतो, काहींत ढिम्म हलत नाही आणि एका जुन्या मराठी फाईलमध्ये तर बदलल्याबरोबर सगळी इंग्रजी अक्षरं आली, असं तुम्ही लिहिलंय. रीडर बिघडला आहे का, हा तुमचा प्रश्न. नाही, रीडर ठीक आहे. फाईलच्या आत मजकूर कोणत्या रूपात साठवलाय, त्यावर हे सगळं ठरतं.

पीडीएफ १९९३ साली आलं तेच मुळी पान सगळीकडे हुबेहूब दिसावं म्हणून. त्यामुळे त्यात 'हे चिन्ह या जागी काढ' अशा सूचना असतात. परिच्छेद कुठे संपला, ओळ पुढच्या ओळीला जोडायची की नाही, हे बहुतेक फायलींत लिहिलेलंच नसतं. रिफ्लो करणारं सॉफ्टवेअर ते अंदाजाने ठरवतं, म्हणूनच पानाचा क्रमांक किंवा वरचं प्रकरणाचं नाव मध्येच वाक्यात घुसतं.

आता फॉन्टचं. रिफ्लो दोन तऱ्हांनी होतो. एका तऱ्हेत फाईलमधला मजकूर बाहेर काढून नव्याने मांडतात. इथे फॉन्ट बदलता येतो. दुसऱ्या तऱ्हेत पानाचं चित्र घेतात, त्यातून एकेक शब्द कापतात आणि ते तुकडे पडद्याच्या रुंदीत पुन्हा लावतात. केओरीडर या ई-रीडरवरच्या वाचन-अॅपमधला पीडीएफ रिफ्लो असाच चालतो. तिथे अक्षरांचा आकार, शब्दांमधलं अंतर, कॉन्ट्रास्ट हे सगळं बदलतं, पण फॉन्ट बदलणं शक्यच नाही, कारण पडद्यावर दिसतात ती शब्दांची चित्रं. अक्षरं फिकट वाटत असतील तर कॉन्ट्रास्ट वाढवा. फॉन्ट बदलून जे हवं होतं त्यातलं बरंचसं तिथेच मिळतं.

तुमच्या जुन्या फाईलमध्ये काय झालं असेल, ते एक साधी चाचणी करून कळेल. कॉम्प्युटरवर फाईल उघडा, एक ओळ कॉपी करा आणि कोऱ्या नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मजकूर कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल, तर 'मराठी' या शब्दाच्या जागी ई, जे, के, मोठा बी, एच अशी रोमन अक्षरं येतील. युनिकोडच्या (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या या फॉन्टांत 'म'चं चित्र रोमन 'ई'च्या जागी बसवलेलं असतं. मूळ फॉन्ट आहे तोवर मराठी दिसतं, तो काढला की खालची रोमन अक्षरं उघडी पडतात. अशा फाईलचा फॉन्ट बदलायला जाऊच नका. आधी मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणावा लागतो, आणि नंतर जोडाक्षरं डोळ्यांखालून घालावीच लागतात.

पेस्ट केल्यावर नीट मराठी आलं तर उत्तम. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी सुटी पडून ठिपक्यांचं वर्तुळ दिसत असेल, तर मजकूर युनिकोड आहे पण क्रम बिघडलाय. ऱ्हस्व वेलांटी युनिकोडमध्ये व्यंजनानंतर साठवतात आणि पानावर आधी काढतात. मजकूर बाहेर काढणाऱ्या सॉफ्टवेअरने पानावरचा क्रम उचलला की हे होतं. नवा फॉन्ट ते दुरुस्त करू शकत नाही. आणि ओळ सिलेक्टच होत नसेल, तर ते स्कॅन आहे. त्याला आधी ओसीआर हवं, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवणारं सॉफ्टवेअर. टेसरॅक्ट या ओसीआरमध्ये मराठीची सोय आहे आणि ते मोफत आहे.

आणखी एक गोष्ट हमखास फसवते. रीडरमधले बरेचसे फॉन्ट फक्त रोमन लिपीचे असतात. मराठी मजकुरावर असा फॉन्ट लावला की रीडर गुपचूप स्वतःचा देवनागरी फॉन्ट वापरतो आणि काहीच बदललं नाही असं वाटतं. देवनागरी असलेलाच फॉन्ट टाका. मला दीर्घ वाचनाला तिरो देवनागरी मराठी आवडतो, बारीक आकारात 'मुक्त' नावाचा फॉन्ट. कुठलाही घ्या, पण 'तऱ्हा' आणि 'सुऱ्या' लिहून पाहा, ऱ्य-ऱ्ह नीट जुळतात का ते.

फॉन्ट टाकायची पद्धत सोपी आहे. किंडल आणि कोबो दोन्हींत केबल जोडून मुख्य फोल्डरमधल्या 'फॉन्ट्स' नावाच्या फोल्डरमध्ये (कोबोवर नसेल तर याच इंग्रजी नावाने तो बनवावा लागतो) टीटीएफ किंवा ओटीएफ फाईल ठेवायची. पण हे फॉन्ट पुस्तकांच्या फायलींना लागतात, तशाच उघडलेल्या पीडीएफला नाही.

म्हणून माझा सल्ला असा: चाचणीत नीट युनिकोड मजकूर मिळाला आणि पुस्तक सलग गद्य असेल, तर रिफ्लोच्या वाटेला जाऊ नका, कॅलिबर या ई-पुस्तकांच्या सॉफ्टवेअरमध्ये ईपब (ई-पुस्तकाची फाईल) करा. किंडल असेल तर किंडलच्या ईमेल पत्त्यावर फाईल पाठवताना विषयात फक्त इंग्रजीत 'कन्व्हर्ट' लिहिलं की पीडीएफचं रूपांतर होऊन येतं आणि फॉन्टचा पर्याय खुला होतो. सगळं पुस्तक बदलण्याआधी मधलं एखादं प्रकरण उघडून ओळी अर्ध्यात तुटतात का ते पाहा. तक्ते, गणितं किंवा दोन रकाने असलेली फाईल मात्र यातून विस्कटते. ती मूळ रूपातच ठेवा, समास कापा आणि रीडर आडवा धरून वाचा.