स्पोर्ट्स कारच्या सीटमध्ये तासाभरात कंबर भरून येते. मागे उशी लावावी की सीटच बदलावी?

आपण लिहिले आहे की, खोलगट बकेट सीट असलेली आपली दोन आसनी गाडी तासभर चालवली की कंबर भरून येते आणि उतरताना सरळ उभे राहायला क्षणभर थांबावे लागते. तर कंबरेची उशी लावावी की सीटच बदलावी, असा आपला प्रश्न आहे. मी स्वतः सात वर्षांपासून अशीच एक बसकी गाडी चालवतो आणि त्यातली पहिली दोन वर्षे मी चुकीचेच उपाय करत होतो. त्या अनुभवावरून माझे मत असे की, काहीही विकत घेण्याआधी आपण सीटवर कसे बसता ते तपासावे, कारण दुखते ती कंबर असली तरी मूळ कारण बहुतेक वेळा तिच्या खाली, कटीराच्या म्हणजे ओटीपोटाभोवतीच्या हाडांच्या ठेवणीत, असते.

उभे असताना कंबरेच्या पाच मणक्यांना पुढच्या बाजूला हलकी कमान असते. बसलो की कटीर मागे कलते आणि ती कमान सपाट होते. हे कोणत्याही खुर्चीत थोडेफार घडतेच, पण स्पोर्ट्स कारमध्ये सीट जमिनीलगत असल्याने पाय खाली सोडता येत नाहीत, ते पुढे लांबवावे लागतात. मांडीच्या मागचे हॅमस्ट्रिंग स्नायू ज्या हाडांवर आपण बसतो तिथून निघतात आणि गुडघ्याच्या खाली जाऊन जोडले जातात. त्यामुळे गुडघा जितका सरळ, तितके ते ताणले जाऊन कटीराला मागे खेचतात. घरी साध्या खुर्चीवर ताठ बसा, एक तळहात कंबरेवर ठेवा आणि एक पाय गुडघ्यातून हळूहळू सरळ करा. पाय सरळ होत आला की तळहाताखालची कमान नाहीशी होऊन कंबर मागे गोल झालेली जाणवेल. आपल्या गाडीत नेमके हेच तासभर चाललेले असते.

आता उशीचे पाहू. उशी कमानीला मागून पुढे ढकलते, तर ताणलेले स्नायू कटीराला मागे ओढतात. या ओढाताणीत शरीर सीटवरून पुढे घसरते आणि उशीच्या खाली एक पोकळी तयार होते. मी घेतलेली उशी चांगली जाडजूड होती, आणि तिच्यामुळे कंबरेबरोबर खांद्यांच्या मधला भागही दुखू लागला. दोष उशीचा नव्हता. मी सीट फार मागे ठेवत होतो, कारण लांब पसरलेले पाय आणि ताणलेले हात म्हणजेच खरी स्पोर्ट्स कारची बैठक, अशी माझी भाबडी समजूत होती.

म्हणून आधी सीट पुढे घ्यावी. नितंब पाठीच्या टेकणापर्यंत पूर्ण मागे सरकवून बसावे आणि क्लच, किंवा तो नसल्यास ब्रेक, तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा स्पष्टपणे वाकलेला राहील एवढे अंतर ठेवावे. खांदे टेकलेले असताना मनगट स्टीअरिंगच्या वरच्या कडेवर सहज टेकले पाहिजे; मात्र एअरबॅगचा विचार करता छाती आणि स्टीअरिंगचा मध्य यांत किमान २५ सेंटीमीटर अंतर राहू द्यावे. छताला डोके लागत नसेल तर सीट थोडी उंच करावी. बसकेपणाची शान थोडी कमी होते खरी, पण एक-दोन सेंटीमीटरनेही पायांचा कोन बदलतो. मागच्या खिशातले पाकीट काढून ठेवावे, हे वेगळे सांगायला नको.

यानंतर पाठीचा कोन. स्वीडनमधील अस्थिरोगतज्ज्ञ ॲल्फ नाखेमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून प्रत्यक्ष दाब मोजला होता. गाडीच्या सीटवर केलेल्या आणि १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात पाठ १२० अंशांपर्यंत कललेली आणि कंबरेला ५ सेंटीमीटरचा आधार असताना हा दाब सर्वांत कमी आढळला. प्रत्यक्ष गाडी चालवताना १२० अंश मला जास्त वाटतात, कारण रस्ता पाहण्यासाठी मान पुढे काढावी लागते आणि हात ताणले जातात. १०० ते ११० अंशांच्या दरम्यान बहुतेकांचे जमते.

एवढे करूनही कंबरेमागे पोकळी उरत असेल तर तिथे आधार हवा, आणि तो ठरवायला हात पुसायच्या टॉवेलची वळकटी पुरते. तिला दोन रबर बँड लावावेत, पँटच्या पट्ट्याच्या रेषेच्या किंचित वर ती आडवी ठेवावी आणि अर्धा तास गाडी चालवावी. वळकटी टोचू लागली तर एक वेढा उलगडावा. तिची जाणीवच होत नसेल तर एक वाढवावा. ती बरगड्यांपर्यंत वर गेली की छाती पुढे ढकलली जाते आणि आपण पुन्हा पोक काढून बसतो. बसण्याच्या जागी मात्र जाड, मऊ उशी कधीही ठेवू नये, कारण अपघातात शरीर सीटबेल्टच्या खालून पुढे सरकण्याचा धोका वाढतो.

टणक सस्पेन्शनचाही यात वाटा आहे. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा होणाऱ्या उभ्या कंपनांना सर्वाधिक प्रतिसाद देतो, म्हणून टायरमधली हवा कंपनीने सांगितलेल्या दाबापेक्षा जास्त ठेवू नये आणि सोय असल्यास सस्पेन्शन मऊ ठेवावे. तासाभराने पाच मिनिटे उतरून चालण्याचा फायदा कोणत्याही उशीपेक्षा जास्त होतो. वेदना गुडघ्याच्या खाली उतरत असेल किंवा पायाला मुंग्या येत असतील, तर सीटचा विचार बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवावे. पायातली ताकद कमी वाटली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी.

सीट बदलण्याचा सल्ला मी एकाच परिस्थितीत देईन: बाजूचे उंचवटे इतके अरुंद असतील की नितंब त्यांच्यावर अडकतात आणि पाठीच्या टेकणापर्यंत पोहोचतच नाहीत. तसे नसेल तर टॉवेलची जमलेली वळकटी पट्टीने मोजा आणि तेवढ्याच जाडीचा, थोडा टणक फोम सीटचे काम करणाऱ्या कारागिराकडून कापून घ्या. माझा फोम शेवटी साडेतीन सेंटीमीटरचा निघाला, म्हणजे त्या जाडजूड उशीच्या निम्माही नाही.