पाचूच्या रंगाचा गाऊन आणि आजीचा तन्मणी

या वेळच्या टपालात प्रॉमच्या पोशाखाविषयीची चार पत्रे आली, म्हणून हा संपूर्ण स्तंभ त्यांनाच दिला आहे. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एवढेच सांगते, की प्रॉम म्हणजे अमेरिकेतल्या हायस्कुलांत अकरावी-बारावीच्या मुलामुलींसाठी शालेय वर्ष संपत आले की, साधारणपणे एप्रिल ते जून या काळात होणारा औपचारिक नृत्यसमारंभ. आपल्याकडे निरोपसमारंभाला मुली ज्या हौसेने आईची साडी नेसतात, तीच हौस तेथे पायघोळ गाऊनच्या वाट्याला येते.

प्रश्न : माझी मुलगी बारावीत असून जूनच्या पहिल्या आठवड्यात तिचा प्रॉम आहे. तिला रत्नासारखा गडद आणि तेजस्वी रंग हवा आहे; पाचूचा हिरवा की नीलमचा निळा, यावर घोडे अडले आहे. ती सावळी आहे, आणि सावळ्या अंगावर गडद रंग उठत नाही, फिकट गुलाबी घ्यावा, असे माझ्या सासूबाईंचे म्हणणे आहे. त्यांनी नातीला स्वतःचा मोत्यांचा तन्मणीही देऊ केला आहे. तो गाऊनवर शोभेल का?
— एक आई, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : सासूबाईंचा तन्मणी मी दोन्ही हातांनी घेते आणि त्यांचा रंगाचा सल्ला आदरपूर्वक परत करते. डाळिंबी, वांगी, मोरपिशी, चिंतामणी ही आपल्या लुगड्यांच्या रंगांची नावे आठवून पाहा. पिढ्यान्‌पिढ्या सावळ्या बायकांनी हेच रंग नेसले आणि ते त्यांना खुलून दिसले. फिकट गुलाबीत पांढऱ्याची भर असते, त्यामुळे सावळ्या चेहऱ्याशेजारी तो पुष्कळदा खडूसारखा कोरडा दिसतो आणि पाहणाऱ्याची नजर चेहऱ्याऐवजी कापडावर जाते. भरदार रंगाचे तसे होत नाही. त्वचेत पिवळसर झाक असेल तर पाचूचा हिरवा आणि निळसर झाक असेल तर नीलम किंवा जांभळा, असा एक ठोकताळा सांगितला जातो. परंतु आपल्याकडच्या बहुतेक मुलींच्या त्वचेत दोन्हींचे मिश्रण असते, तेव्हा खिडकीशी उभे राहून हनुवटीखाली एकेक कापड धरून पाहणे, हा जुनाच उपाय मला अधिक भरवशाचा वाटतो. ज्या कापडाने डोळ्यांखालची सावली कमी भासते, तो रंग तिचा.

मात्र रंगाच्या नावापेक्षा दोन गोष्टींचा विचार आधी करायला हवा, आणि त्यांच्याकडेच सहसा दुर्लक्ष होते : कापड कोणते आणि उजेड कोणता. सॅटिनच्या विणीत धागे पृष्ठभागावर लांबवर मोकळे राहतात, त्यामुळे ते आरशासारखा प्रकाश परतवते आणि नीलम रंग त्यावर पाण्यासारखा हलतो. तोच रंग मखमलीत घेतला तर उभी लव प्रकाश गिळून टाकते आणि मंद दिव्यांच्या सभागृहात तो गाऊन चक्क काळा दिसतो. क्रेपमध्ये रंग शांत आणि सपाट राहतो. शिफॉन एकेरी असताना रंग पातळ होतो, म्हणून त्याखाली त्याच रंगाचे अस्तर हवेच. एकाच रंगाची ही चार वेगळी रूपे आहेत, आणि संकेतस्थळावरच्या छायाचित्रात त्यांतला फरक जवळजवळ कळत नाही. तुमच्या कन्येचा प्रॉम जूनमध्ये आहे, हवा उबदार असेल आणि तिला तासन्‌तास नाचायचे आहे; मखमलीचा विचार मनातून काढून टाकावा आणि मध्यम वजनाचे क्रेप किंवा फार न चकाकणारे सॅटिन घ्यावे, असे मी सुचवेन.

आता उजेड. माणिक आणि नीलम ही दोन्ही रत्ने कुरुविंद या एकाच खनिजाची रूपे आहेत. क्रोमियममुळे त्याला लाली चढते आणि लोह व टायटॅनियममुळे निळाई. तरीही पिवळ्या दिव्याखाली माणिक पेटून उठते आणि नीलम मंदावतो, कारण त्या उजेडात तांबड्या किरणांची चंगळ असते आणि निळ्या किरणांचा तुटवडा. कापडाचेही तसेच होते. दुपारी अंगणात काढलेल्या छायाचित्रांत देखणा दिसणारा निळा गाऊन रात्री पिवळ्या झुंबरांखाली मलूल वाटू शकतो. पाचूचा हिरवा त्या मानाने तग धरतो, पण नृत्याच्या वेळी लाल दिवे लागले की तोही काळवंडतो. ते काही क्षणांचे असते, त्याची फार चिंता नको. म्हणून कापड तीन ठिकाणी पाहा : दिवसा उघड्यावर, रात्री घरातल्या पिवळ्या दिव्याखाली आणि फोनच्या फ्लॅशमध्ये. सॅटिनवर फ्लॅश पडला की पांढरे पट्टे उमटतात, हेही तेव्हाच समजेल. माझा स्वतःचा कल पाचूकडे आहे, आणि त्याचे अर्धे कारण तन्मणी हे आहे.

तन्मणीच्या खोडात, म्हणजे मधल्या पदकात, लाल-हिरवे खडे असतात आणि सर मोत्यांचे. पाचूच्या रंगावर मोत्यांचा ओलसर पांढरा जसा उठतो तसा लखलखता कृत्रिम हिरा उठत नाही. परंतु त्यासाठी गाऊनचा गळा मोकळा हवा : आडवा सरळ, खांदे उघडे ठेवणारा किंवा रुंद चौकोनी. गळा बंद असेल किंवा त्यावर मणीकाम असेल, तर तन्मणी घरी ठेवून कानांत फक्त मोत्यांच्या कुड्या घालाव्यात. तन्मणी घातलाच, तर ठुशी, नथ, हार या साऱ्यांना सुट्टी द्यावी. रत्नाचा रंग हाच मुळात मोठा दागिना असतो, त्याच्यावर आणखी चढवत गेले की मुलगी गौरीसारखी सजलेली दिसते, आणि गौरीला नाचायचे नसते. तन्मणीचा गोफ आणि गोंडा आधी तपासून घ्या, दोरा जुना असेल तर मोती नव्याने ओवून घ्या. नाचण्याच्या गर्दीत अस्सल वस्तूची धास्ती वाटत असेल, तर एडिसन-आयसेलिनच्या ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांत एखादी नक्कल मिळते का, ते पाहता येईल.

प्रश्न : नातीचा प्रॉम टेक्सासमध्ये मे महिन्यात आहे. तिला जांभळा रंग आवडतो. माझ्या लग्नातली वांगी रंगाची पैठणी तशीच पडून आहे. ती कापून पुण्यात गाऊन शिवून पाठवावा, असे मनात आले आहे. शिंपी तयार आहे. आपले मत काय?
— एक आजी, पुणे

उत्तर : शिंपी तयार असणारच, कारण पैठणी त्याची नाही. आजी, कृपा करून ती कापू नका. पैठणीच्या पदरावरची नक्षी बाण्याचे, म्हणजे आडवे, रंगीत धागे एकमेकांत अडकवून हाताने विणलेली असते. कात्री लागली की कडा उसवत जातात, आणि अनेक वर्षे एकाच घडीवर राहिलेले रेशीम त्या घडीवर विरलेले असण्याची शक्यता असते. गाऊनच्या शिवणीवर जो ताण येतो तो असे रेशीम सोसत नाही. शिवाय घेरदार गाऊनला कळ्या तिरप्या कापाव्या लागतात, त्यात काठ तुटतात आणि पदरावरचे बांगडी मोर कोठेतरी काखेत जाऊन बसतात. पैठणी नातीला अखंड द्या. साडी नेसण्याचे प्रसंग तिच्या आयुष्यात पुष्कळ येतील.

गाऊनसाठी नवे कापड घ्या. धूपछाव रेशीम, म्हणजे ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या, जांभळ्या रंगात फार सुरेख दिसते : ताणा निळा आणि बाणा किरमिजी असला, तर प्रत्येक घडीवर रंग पालटतो आणि वेगळ्या मणीकामाची गरजच राहत नाही. (जांभळा हा तरुणांचा रंग आहे याला इतिहासाचाही आधार आहे. १८५६ मध्ये लंडनला विल्यम पर्किन हा रसायनशास्त्राचा विद्यार्थी हिवतापावरचे कोयनेल तयार करू पाहत होता. हाती लागला तो जांभळा कृत्रिम रंग, आणि तेव्हा तो अठरा वर्षांचा होता, म्हणजे जवळपास आपल्या नातीएवढाच.) पैठणीची आठवण हवीच असेल, तर बाजारात सहज मिळणाऱ्या सेमी पैठणीच्या काठाचा आखूड कंबरपट्टा पुरेसा आहे.

दुरून शिवण्यातली खरी अडचण मापांची असते. जुना कुर्ता मापाला पाठवून गाऊन बसत नाही. छाती, कंबर आणि नितंब यांखेरीज गळ्याच्या खालच्या खळगीपासून जमिनीपर्यंतचे माप लागते, आणि तेही प्रॉमला घालणार तेच बूट पायांत असताना घेतलेले. हे माप मुलीने स्वतः घेऊ नये, दुसऱ्याने घ्यावे. वाकून पाहिले की माप चुकते. शिंप्याकडून आधी मांजरपाटाचा कच्चा नमुना शिवून घ्या, तो टेक्सासला पाठवा, तिने घालून समोरून, मागून आणि बाजूने छायाचित्रे पाठवली की मगच रेशमाला कात्री लावा. दोन्ही बाजूंच्या शिवणीत दीड-दीड इंच माया, म्हणजे आतले जादा कापड, ठेवायला सांगा, आणि खालची घडी कच्च्या टाक्यांवरच सोडा. शेवटची उंची तिकडच्या शिंप्याने ठरवावी. या सगळ्याला तीन महिने हाताशी असावेत. आज फेब्रुवारी उजाडलेला नसेल तर सुरुवात करा, उजाडला असेल तर गाऊन तिकडेच घेऊ द्या आणि आपण कुड्या पाठवा.

प्रश्न : मी नीलम रंगाचा, बिनपट्ट्यांचा (खांद्यावर पट्ट्या नसलेला) सॅटिन गाऊन ऑनलाइन घेतला. नेहमीच्या मापाचा असूनही छातीत घट्ट होतो, चार इंच लांब आहे आणि चालताना खाली घसरतो. परत करावा का?
— एक विद्यार्थिनी, पेनसिल्व्हेनिया

उत्तर : लेबल काढले नसेल आणि दुकान परत घेत असेल तर परत कर. औपचारिक गाऊनची मापे रोजच्या कपड्यांपेक्षा बहुधा लहान येतात. दुकानाचा तक्ता पाहून शरीराचा जो भाग सर्वांत रुंद असेल त्याच्या मापाने गाऊन घ्यावा आणि बाकीचा आत घेऊन घ्यावा. सैल गाऊन घट्ट करणे सोपे असते, पण घट्ट गाऊन सैल करायला आत कापडच नसते. सॅटिनची उसवलेली शिवण सुयांची भोके दाखवते, त्यामुळे तेथे तर दुसरा मार्गच नाही.

घसरण्याचे कारण छातीत नव्हे, कमरेत शोध. बिनपट्ट्यांचा गाऊन छातीवर टांगलेला नसतो; आतल्या बाजूने शिवलेली न ताणणारी कंबरपट्टी त्याचे वजन पेलते आणि आत शिवलेल्या उभ्या कडक काड्या वरचा भाग ताठ ठेवतात. स्वस्त गाऊनमध्ये ही कंबरपट्टी नसतेच. कोणताही जाणकार शिंपी ती आतून बसवून देईल. नुसती चिकटपट्टी लावून रात्र काढायची असेल, तर दर गाण्याला गाऊन वर ओढत बसावे लागेल. लांबीसाठी आधी बूट घे, मग शिंप्याकडे जा. गाऊनची पुढची कड जमिनीपासून अर्धा ते एक इंच वर असावी. दोन-अडीच इंचांची रुंद टाच पुरते. शिवायला टाकण्यापूर्वी शाळेचे पोशाखाचे नियम वाच, कारण पाठ किती उघडी आणि चीर किती उंच यावर काही शाळांत बंधने असतात, आणि काही शाळा तर गाऊनचे छायाचित्र आधी मागवून घेतात. बिलातल्या विक्रीकराने दचकू नकोस : तुझ्या राज्यात रोजच्या कपड्यांवर कर नाही, पण समारंभी औपचारिक पोशाखावर आहे. शेजारच्या न्यू जर्सीत मात्र असा भेद नाही, तेथे समारंभी पोशाखावरही कर नाही. तुझे घर सीमेजवळ असेल, तर प्रत्यक्ष दुकानात जाऊन खरेदी करायला हे एक अधिकचे निमित्त.

प्रश्न : माझ्या मुलाच्या मैत्रिणीचा गाऊन माणकासारखा लाल आहे. त्याचा बो टाय अगदी त्याच रंगाचा असावा का? आणि मनगटावरच्या फुलांचे काय?
— एक आई, कॅलिफोर्निया

उत्तर : अगदी तोच लाल मिळणार नाही, दोन वेगळ्या कापडांवरचे लाल शेजारी आले की जवळजवळ जुळणारे रंगच सर्वांत अधिक खटकतात, आणि दोघे बँडपथकातले वाटू लागतात. काळ्या टक्सिडोवर काळाच बो टाय लावावा आणि खिशात पांढरा रुमाल ठेवावा. फार तर डाळिंबाच्या सालीसारखा एखादा गडद रंग रुमालात चालेल. फुले पांढरी घ्या, फीत लाल नको, मोतिया किंवा सोनेरी घ्या. मुलीला डाव्या मनगटावर बांधण्याचा फुलांचा गुच्छ आणि मुलाच्या डाव्या कॉलरपट्टीवरचे फूल एकाच फुलवाल्याकडे आठ-दहा दिवस आधी सांगून ठेवा, आणि तिला बांगड्या घालायच्या असतील तर त्या उजव्या हातात घाल, असे आधीच कळवा. टाचणी कॉलरपट्टीच्या मागून लावतात. ती मुलाला तुम्हीच लावून द्या; त्या दिवशी त्याचे हात थरथरत असतील.