बेळगावात कॉलेज, कन्नड कच्चं. एनएसएसला (राष्ट्रीय सेवा योजनेला) नाव घालू का?

घाल की! मीही बिचकतच गेलो होतो. दोन वर्षांत 240 तास सेवा आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. खरी गंमत शिबिरातच. गटारीतला गाळ काढताना गोकाककडचा पोरगा म्हणाला, ‘सलिकी कोडो.’ मी पाटी दिली, त्याला हवं होतं खोरं! सगळे हसले. ‘बुट्टी’ म्हणजे टोपली मात्र दोघांचीही बुट्टीच निघाली. तिथनं रोज चार शब्द त्याचे, चार माझे.

एक कर, गट पाडताना आपल्याच गाववाल्यांत घुसू नकोस. मराठी पोरं एका कोपऱ्यात, कन्नड दुसऱ्या, असं झालं की आठवडा फुकट. स्वयंपाकाची पाळी मागून घे. भाकरी थापताना भाषा लवकर येते. तास मात्र डायरीत वेळच्या वेळी लिही, प्रमाणपत्राला लागतात.