अमेरिकेत राज्याच्या सुप्रीम कोर्टाचा न्यायाधीश कसा होतो, त्याची कारकीर्द कशी असते? आपल्याकडेही न्यायाधीश लोकांनीच निवडावेत का?

प्रश्नाचा शेवटचा भाग वाचला म्हणून लिहायला बसलो. ‘तिकडे न्यायाधीशांना मतं मागावी लागतात, म्हणून ते लोकांना वचकून असतात, आपल्याकडेही तसंच हवं’ हे मत मराठी घरांत, तिकडच्या आणि इकडच्याही, फार ठामपणे मांडलं जातं. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: वचक बसतो हे अगदी खरं आहे, आणि तोच या पद्धतीचा सगळ्यात मोठा रोग आहे.

हायकोर्टाशी तुलना करून सुरुवात केली तर हिशेब चुकतो. मुंबई हायकोर्टाच्या निकालावर दिल्लीत अपील होतं. इथे अमेरिकेत प्रत्येक राज्याला स्वतःचं संविधान आहे आणि त्याचा अर्थ लावण्यात त्या राज्याच्या सर्वोच्च कोर्टाचा शब्द शेवटचा असतो. केंद्राच्या संविधानाशी टक्कर होत नसेल तर वॉशिंग्टनचं, म्हणजे सगळ्या देशाचं, सुप्रीम कोर्टही त्यात हात घालू शकत नाही. नावांनीही फसू नका. न्यूयॉर्कमध्ये ‘सुप्रीम कोर्ट’ म्हणजे खालचं, खटले चालवणारं कोर्ट. तिथलं सर्वोच्च ते ‘कोर्ट ऑफ अपील्स’. टेक्सास आणि ओक्लाहोमात फौजदारीसाठी वेगळंच सर्वोच्च कोर्ट आहे. न्यायमूर्ती कुठे पाच, कुठे सात, कुठे नऊ. निवडीच्या तऱ्हा तर विचारूच नका: टेक्सासात पक्षाच्या चिन्हावर निवडणूक, विस्कॉन्सिनमध्ये मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसलेली निवडणूक, साउथ कॅरोलिना आणि व्हर्जिनियात विधिमंडळाचं मतदान, मॅसॅच्युसेट्समध्ये गव्हर्नरची नेमणूक आणि सत्तरीपर्यंत पद, ऱ्होड आयलंडमध्ये तहहयात. म्हणजे ‘अमेरिकेत लोक न्यायाधीश निवडतात’ हे वाक्यच अर्धवट आहे.

कारकीर्द कशी असते ते एका माणसावरून सांगतो, कारण सरासरी सांगून काही कळत नाही. आयोवा राज्याचे मार्क केडी. जन्म 1953, साउथ डकोटातल्या रॅपिड सिटीत. 1978 मध्ये डे मॉईनच्या ड्रेक युनिव्हर्सिटीतून कायद्याची पदवी. एक वर्ष जिल्हा न्यायाधीशांच्या हाताखाली लॉ क्लार्क, मग फोर्ट डॉज या लहान गावात वकिली आणि जोडीला काउंटीच्या सरकारी वकिलाचं काम. 1983 मध्ये जिल्हा कोर्टाच्या खालच्या पायरीचे न्यायाधीश, 1986 मध्ये पूर्ण जिल्हा न्यायाधीश, 1994 मध्ये अपील कोर्ट, 1997 मध्ये त्या कोर्टाचे प्रमुख, 1998 मध्ये सुप्रीम कोर्ट, 2011 पासून सरन्यायाधीश. पदावर असतानाच नोव्हेंबर 2019 मध्ये हृदयविकाराच्या झटक्याने गेले. नेमणूक केली रिपब्लिकन गव्हर्नर टेरी ब्रॅन्स्टॅड यांनी. पुढच्या गोष्टीसाठी हे लक्षात ठेवा.

आयोवात 1962 च्या घटनादुरुस्तीपासून सुप्रीम कोर्टासाठी निवडणूक नाही. जागा रिकामी झाली की इच्छुक वकील आणि खालचे न्यायाधीश अर्ज करतात. एक आयोग त्यांच्या मुलाखती घेतो आणि तीन नावं गव्हर्नरकडे पाठवतो. गव्हर्नरला त्या तिघांतलाच एक निवडावा लागतो, तोही 30 दिवसांत. नेमणुकीनंतर निदान एक वर्ष झालं की पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीत मतपत्रिकेवर फक्त एवढंच विचारलं जातं: या न्यायाधीशाला पदावर ठेवायचं का? हो किंवा नाही. समोर उमेदवार नसतो. ‘हो’ जास्त आले तर आठ वर्षं, मग पुन्हा तोच प्रश्न, आणि 72 व्या वर्षी निवृत्ती.

कामाचं स्वरूप आपल्या कोर्टांपेक्षा फार वेगळं आहे. साक्षी नाहीत, ज्यूरी नाही, दिवसेंदिवस चालणारा युक्तिवाद नाही. सगळा जोर ब्रीफवर, म्हणजे वकिलांनी आधी दिलेल्या लेखी युक्तिवादावर. वकील उभा राहतो तेव्हा त्याला मोजकी मिनिटं मिळतात आणि त्यातली निम्मी न्यायमूर्तींच्या प्रश्नांत जातात. नवखे वकील इथेच मार खातात: पाठ केलेलं भाषण म्हणत राहतात आणि प्रश्नाला ‘त्याच्याकडे मी येतोच आहे’ म्हणतात. आत्ता उत्तर द्यायचं असतं. युक्तिवाद संपले की आयोवाचे सातही न्यायमूर्ती बंद खोलीत बसतात, कच्चं मतदान होतं, एकाकडे निकालपत्राचं लेखन जातं, मसुदा बाकीच्यांच्या टेबलांवर फिरतो. एकमत टिकवायला कधी परिच्छेदच्या परिच्छेद उडवावे लागतात. आयोवाचं कोर्ट सुनावणी झालेली प्रकरणं सहसा जूनअखेर संपवतं, ही शिस्त आपल्याकडच्या वाचकाने मुद्दाम नोंदवावी. शिवाय वकिलांच्या सनदा, त्यांच्यावरच्या शिस्तभंगाच्या कारवाया, खालच्या कोर्टांचे नियम, कर्मचारी आणि बजेट हेही याच सात जणांच्या डोक्यावर. सरन्यायाधीशाला दर जानेवारीत विधिमंडळापुढे न्यायव्यवस्थेच्या स्थितीवर भाषण करावं लागतं, आणि त्यात पैसे मागावे लागतात.

आता 2010. या एका प्रकरणाशिवाय तुमच्या प्रश्नाचं उत्तर पुरं होत नाही.

3 एप्रिल 2009, शुक्रवार. ‘व्हार्नम विरुद्ध ब्रायन’ खटल्यात आयोवाच्या सुप्रीम कोर्टाने सात विरुद्ध शून्य असा निकाल दिला: समलिंगी जोडप्यांना विवाह नाकारणारा कायदा आयोवाच्या संविधानातल्या समान संरक्षणाच्या कलमाविरुद्ध आहे. सहा जोडपी दावेदार होती. 69 पानांचं निकालपत्र केडींनी, म्हणजे रिपब्लिकन गव्हर्नरने नेमलेल्या न्यायाधीशाने, लिहिलं. त्यात त्यांनी आपल्याच कोर्टाचा जुना दप्तरखाना उघडला. 1839 साली, आयोवा अजून राज्यही झालं नव्हतं तेव्हा, मिसुरीतून आलेल्या राल्फ नावाच्या माणसाला गुलाम मानायला याच कोर्टाने नकार दिला. 1868 मध्ये मस्कटीनच्या सुझन क्लार्क या कृष्णवर्णीय मुलीला वेगळ्या शाळेत ढकलता येणार नाही, असं सांगितलं. दोन्ही वेळा लोकमत वेगळीकडे असू शकलं असतं, पण कोर्टाने संविधान वाचलं.

निकालावर सह्या सातांच्या, पण 2010 च्या मतपत्रिकेवर नावं आली तिघांचीच, कारण पाळी त्यांची होती. सरन्यायाधीश मार्शा टर्नस, मायकेल स्ट्राइट आणि डेव्हिड बेकर. टर्नस 1993 पासून कोर्टात होत्या, आयोवाच्या पहिल्या महिला सरन्यायाधीश. बेकर 2008 मध्ये आलेले, पहिल्यांदाच मतदारांपुढे जात होते. आणि निकालपत्र लिहिणारे केडी? त्यांची पाळी 2008 मध्ये होऊन गेली होती; पुढची 2016 मध्ये. हा योगायोग नीट पाहा. ज्याने लिहिलं त्याला सात वर्षं मिळाली, ज्यांनी सही केली त्यांना दीड.

बॉब व्हँडर प्लाट्स हे गव्हर्नरपदाची पक्षांतर्गत प्राथमिक निवडणूक हरलेले नेते या तिघांना ‘नाही’ म्हणा या मोहिमेचा चेहरा झाले. राज्याबाहेरच्या संघटनांनी जवळपास दहा लाख डॉलर ओतले, टीव्हीवर जाहिराती आल्या, बसयात्रा निघाली. तिघांपैकी कुणीही प्रचारसमिती स्थापन केली नाही, एक डॉलर गोळा केला नाही. नियम त्यांना आड येत नव्हते. उघड विरोध असेल तर समिती काढता येते. पण पैसे मागितले की न्यायाधीश राजकारण करतात हा ज्या आरोपासाठी आपल्याला घालवताहेत तोच खरा ठरेल, अशी त्यांची भूमिका होती. सुमारे 54 ते 55 टक्के मतं ‘नाही’ पडली. 1962 नंतर पहिल्यांदाच आयोवात सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती असे गेले, तेही तिघं एकदम.

यातून कायदा बदलला का? नाही. निकाल कायम राहिला. तो बदलायला घटनादुरुस्ती लागली असती, लागोपाठच्या दोन विधिमंडळांची मंजुरी आणि मग जनमत. ते झालं नाही. 2015 मध्ये वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टाने सगळ्या देशासाठी तेच सांगितलं. 2012 मध्ये त्याच निकालावर सही केलेले डेव्हिड विगिन्स टिकले, 2016 मध्ये केडी, अ‍ॅपेल आणि हेक्ट टिकले. म्हणजे एकाच निकालासाठी तिघांना शिक्षा, चौघांना अभय, आणि फरक फक्त तारखेचा. टर्नस गेल्यानंतर 2018 पर्यंत त्या कोर्टात एकही स्त्री नव्हती. याला लोकांचा कौल म्हणणाऱ्यांनी कौल नेमका कशावर होता ते सांगावं.

असं पहिल्यांदा घडलं तेही नव्हे. 1986 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सरन्यायाधीश रोझ बर्ड, जोसेफ ग्रोडिन आणि क्रूझ रेनोसो असेच गेले. मुद्दा फाशीचा होता, बर्ड यांनी समोर आलेली फाशीची प्रत्येक शिक्षा रद्द करण्याच्या बाजूने मत दिलं होतं. तिथलेच न्यायमूर्ती ऑटो कॉस यांनी मतदानाच्या वर्षातल्या न्यायाधीशाची अवस्था सांगताना म्हटलं होतं की सकाळी दाढी करताना बाथटबमधल्या मगरीकडे दुर्लक्ष करण्यासारखं ते आहे. पेनसिल्वेनियातल्या खालच्या कोर्टांचा अभ्यासही हेच दाखवतो: निवडणूक जवळ येत जाते तशा न्यायाधीशांनी दिलेल्या शिक्षा लांबत जातात. आरोपी तोच, गुन्हा तोच, कॅलेंडर वेगळं.

जिथे थेट निवडणूक आहे तिथली गोष्ट आणखी वाईट. वेस्ट व्हर्जिनियात मॅसी या कोळसा कंपनीविरुद्ध ज्यूरीने पाच कोटी डॉलरची भरपाई दिली. अपील वर जाणार हे दिसत असताना 2004 मध्ये कंपनीचे प्रमुख डॉन ब्लँकनशिप यांनी ब्रेंट बेंजामिन यांना निवडून आणण्यासाठी तीस लाख डॉलर खर्च केले. बेंजामिन निवडून आले, खटल्यातून बाजूला व्हायला त्यांनी नकार दिला, आणि कंपनीच्या बाजूने तीन विरुद्ध दोन निकाल लागला. 2009 मध्ये वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टाने तो फिरवला, पण पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने. 2025 मध्ये विस्कॉन्सिनच्या एका, फक्त एका, जागेसाठी सुमारे दहा कोटी डॉलर खर्च झाले. नॉर्थ कॅरोलिनात 2024 ची निवडणूक 734 मतांनी ठरली आणि निकालावरचा वाद पुढच्या मेपर्यंत कोर्टांत फिरत राहिला. म्हणजे न्यायाधीश कोण, हे ठरवायलाही न्यायाधीशच लागले. ज्या राज्यात सहकारी बँकेची निवडणूक कशी होते ते आपण पाहतो, तिथे हायकोर्टाची निवडणूक घ्यायची कल्पना करून बघा.

तरीही एक मान्य करतो. बंद खोलीत नेमणुका व्हाव्यात असं माझं म्हणणं नाही. आपल्याकडे न्यायाधीशांची नावं ठरवणाऱ्या ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या कॉलेजियमने कोणाला का निवडलं, कोणाला का वगळलं हे पुरेसं कळत नाही ही तक्रार रास्त आहे. आयोवाचा आयोगही निर्मळ नव्हे: 17 सदस्यांत आठ गव्हर्नरचे, आठ वकिलांनी निवडलेले आणि एक न्यायमूर्ती असं गणित होतं, 2019 मध्ये न्यायमूर्तीला काढून गव्हर्नरचे नऊ केले गेले. वकिलांची मक्तेदारी मोडली म्हणा किंवा गव्हर्नरची बसवली म्हणा. पण आयोवापुरतं तरी उमेदवारांची नावं आणि मुलाखती लोकांना पाहता येतात. आपण उचलायचं असेल तर ते उचलावं: अर्ज, जाहीर मुलाखत, लेखी कारणं. आणि पदाची एकच लांब मुदत, पुन्हा नेमणूक नाही, पुन्हा मत नाही. पहिली निवड कशीही करा, दुसऱ्यांदा मागायची वेळ न्यायाधीशावर येऊ देऊ नका. निवृत्तीनंतर सरकारी पद मिळण्याची आशा हीसुद्धा दुसऱ्यांदा मागणंच आहे, हे आपल्याकडच्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

ज्यांना या वाटेने जायचं आहे त्यांच्यासाठी: कोणत्या राज्याची सनद घेता यावर पुढचं सगळं ठरतं, त्यामुळे निवडीची पद्धत पाहून राज्य निवडा. लॉ स्कूलनंतर न्यायाधीशाच्या हाताखालचं एखादं वर्ष सोडू नका. खटले चालवण्याचा अनुभव घ्या. ज्याने कधी साक्षीदार उलटलेला पाहिला नाही तो अपिलात कागदावरची साक्ष चुकीची वाचतो. मोठ्या फर्ममधल्या भागीदारापेक्षा कमाई कमी असेल आणि जुने वकील मित्र जेवायला बोलवायचं हळूहळू बंद करतील.

आणि इकडे नागरिकत्व घेतलेल्या मराठी मंडळींना: न्यायाधीशांचे हो-नाही प्रश्न अनेकदा मतपत्रिकेच्या अगदी शेवटी, मागच्या पानावर असतात, आणि आपल्यातले बरेच जण ते कोरे सोडतात. 2010 मध्ये ज्यांना टर्नस नको होत्या त्यांनी पान उलटलं होतं. मतदानाआधी राज्याच्या बारने, म्हणजे वकिलांच्या संघटनेने, केलेलं न्यायाधीशांचं मूल्यमापन मिळवा, त्यात वकिलांनी वागणूक, अभ्यास आणि निकालाच्या वेळेबद्दल दिलेले गुण असतात. निकालपत्रं कोर्टाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. एक वाचा, शक्यतो ज्याचा निकाल तुम्हाला पटला नाही ते. कारणं धड दिली असतील तर ‘हो’ म्हणा.