सिलॅबस बदलला आणि सरांची झोप उडाली

"मॅडम, सिलॅबस बदलल्यापासून वर्गात जायलाच नको वाटतं, हे मला एकट्यालाच होतंय का?" कॉलेजात इंग्रजी शिकवणारे बरेच जण हल्ली माझ्याकडे समुपदेशनाला येऊन हेच विचारतात, म्हणून एका सरांचं सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललंय.

सर पन्नाशीचे, तालुक्याच्या कॉलेजात 25 वर्षं इंग्रजी साहित्य शिकवतात. 2020 चं शैक्षणिक धोरण आपल्याकडच्या संलग्न कॉलेजांत 2024-25 पासून आलं आणि मेजर, मायनर (मुख्य आणि जोडीचा विषय), क्रेडिट (विषयाचं तासांवर मोजलेलं वजन), ओपन इलेक्टिव्ह (आवडीने निवडायचा बाहेरचा विषय) असं सगळं एकदमच अंगावर पडलं. पहिल्या भेटीत सर पाऊण तास नुसते चिडलेले, आम्हाला विचारलं कोणी, पोरांना धड अर्ज लिहिता येत नाही आणि ह्यांना वाचायला द्यायचं काय, वर्कलोड, म्हणजे शिकवायचे तास, कमी झाला तर पोस्टचं काय. मी वाद घातला नाही, कारण त्यातलं बरंचसं खरंच आहे हो.

मग त्यांनी बॅगेतून एक वही काढली, शेक्सपिअरच्या नोट्स. कडा पिवळ्या पडलेल्या, आणि समासात चक्क लिहिलेलं, 'इथे थांबणे, पोरं हसतात.'

मी विचारलं, नव्या पेपरची अशी वही आहे का?

बराच वेळ गप्प. मग हळूच म्हणाले, "नाही ना. कोणी काही विचारलं आणि मला नाही आलं तर?"

म्हणजे रागाच्या खाली ही भीती होती. मी म्हटलं, सर, एक तास असा घ्या की सुरुवातीलाच सांगून टाकायचं, हे मीही पहिल्यांदाच शिकवतोय. त्यांना ते अजिबात आवडलं नाही, पुढच्या भेटीला आलेच नाहीत (माझी घाईच झाली होती बहुतेक).

तीन आठवड्यांनी आले ते हसतच. पेपरात दलित साहित्याचे इंग्रजी अनुवाद होते, अर्जुन डांगळेंनी संपादित केलेल्या 1992 च्या 'पॉयझन्ड ब्रेड'मधले, आणि त्यातली बंधुमाधवांची त्याच नावाची कथा सरांनी घेतली. तर मागच्या बाकावरचा, वर्षभर तोंड न उघडलेला पोरगा म्हणाला, "सर, ब्रेड म्हटलं की पावच डोळ्यासमोर येतो, ही तर भाकर आहे." अख्खा तास त्यावरच गेला, कोणाच्या घरी कसली भाकर इथपर्यंत, आणि सर नुसते ऐकत होते.

नव्या वहीच्या समासात आता लिहिलंय, 'भाकर, इथे थांबणे.' सिलॅबस ठरवणाऱ्यांवरचा राग मात्र अजून आहे, फक्त यावेळी तो त्यांनी अभ्यास मंडळाला लेखी कळवलाय, दोन पानी.