व्यायाम वाढवला, काटा मात्र तिथंच

वजन उतरवायच्या खटपटीत पहिले तीन-चार महिने बरे जातात. मग काटा एका आकड्यावर ठाण मांडतो. जिममधली मंडळी याला ‘प्लॅटो’ म्हणतात. माझ्याकडे या तक्रारीसाठी येणाऱ्या बहुतेकांनी तोवर एक उपाय आपला आपण करून पाहिलेला असतो, तो म्हणजे व्यायाम वाढवायचा. त्यानंही काही हाती लागत नाही. गुडघे कुरकुरतात, घरच्यांवर चिडचिड होते, आणि ‘माझ्यातच काहीतरी खोट आहे’ हे मनात पक्कं होऊन बसतं.

सुवर्णाताई अशाच आल्या. (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. हे लिहायला त्यांची संमती आहे.) वय ४४, पुण्यात बँकेत नोकरी, घरी नवरा, सासूबाई आणि दहावीतली मुलगी. वार्षिक तपासणीत एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी, ६.१ आलं, म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. वडिलांचा मधुमेह त्यांनी जवळून पाहिलेला. रोज पहाटे तळजाईची टेकडी सुरू केली, चहातली साखर सोडली, रात्रीचा भात सोडला. चार महिन्यांत ७८ चे ७१ किलो झाले आणि तिथंच थांबले. मग त्यांनी संध्याकाळचा झुंबा लावला. त्यानं हलेना म्हणून गच्चीवर दोरीच्या उड्या, आणि रविवारी टेकडीच्या दोन फेऱ्या. सहा आठवडे झाले तरी ७१. थायरॉइडची तपासणी झाली, ती नॉर्मल.

“मॅडम, मी अजून काय करू? शरीर माझं ऐकतच नाही.”

व्यायामाबद्दल मला सगळं कळलं होतं, म्हणून मी उरलेल्या दिवसाचं विचारलं. त्यांना ते जरा विचित्र वाटलं. पूर्वी बँकेत त्या जिना चढायच्या, आता पाय भरून आलेले असायचे म्हणून लिफ्ट. कोपऱ्यावरच्या डेअरीत चालत जायच्या, आता स्कूटर. रात्री ओटा आवरायचं काम मुलीकडे गेलं होतं आणि रविवारची दुपार पूर्ण आडवी. यात आळस कुठंच नव्हता. पगार तेवढाच असताना एक खर्च वाढला की घर दुसरीकडे हात आखडतं, शरीरही तसंच करतं. हर्मन पॉन्टझर या मानववंशशास्त्रज्ञाच्या गटानं टांझानियातल्या हाडझा लोकांचा दिवसभराचा ऊर्जाखर्च मोजला होता. शिकार करून आणि कंद खणून जगणारी ही माणसं दिवसभर पायांवर असतात. तरी शरीराचा आकार हिशेबात धरल्यावर त्यांचा खर्च शहरी पाश्चात्त्य माणसांएवढाच निघाला. हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. शरीर ही भरपाई नेमकी किती करतं, यावर शास्त्रज्ञांचे वाद आहेत. पण ‘व्यायाम दुप्पट, तर घटही दुप्पट’ हे गणित चालत नाही, एवढं नक्की.

शिवाय ७१ किलोचं शरीर ७८ किलोच्या शरीरापेक्षा कमी खर्चात चालतं. टेकडी तीच असली तरी वर न्यायचं ओझं सात किलोंनी हलकं झालेलं असतं. पहिल्या महिन्यात खाण्यापेक्षा खर्च जास्त होऊन जी तूट पडत होती, ती हळूहळू आपोआप भरून निघते. त्यात नवा, जोराचा व्यायाम सुरू केला की दुखावलेले स्नायू काही दिवस पाणी धरून ठेवतात. पाळीच्या आधीही पाणी साठतं. चरबी उतरत असली तरी काट्याला ते कळत नाही, तो सगळंच मोजतो.

खाण्याचा विषय मी आहारतज्ज्ञांकडे सोपवते. फक्त एक विनंती केली, की आठवडाभर कॅलरी न मोजता तोंडात गेलेलं सगळं लिहा. वही घेऊन आल्या तेव्हा त्या स्वतःच हसत होत्या. मुलीनं टाकलेला अर्धा पराठा, भाजीची चव बघताना दोन घास, झुंब्यानंतर ‘आता चालतं’ म्हणून बनाना शेक, आणि बँकेतल्या ड्रॉवरमधले शेंगदाणे. मूठभर शेंगदाणे म्हणजे दीडशेच्या वर कॅलरी, साधारण अर्धा तास भरभर चालण्याएवढ्या. शेंगदाणे वाईट नाहीत, पण ते कुणी जेवणात धरत नाही. ‘काही केलं तरी वजन उतरत नाही’ म्हणणाऱ्या लोकांवर अमेरिकेत १९९२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यांचा चयापचय ठीक होता. खाणं मात्र त्यांनी प्रत्यक्षापेक्षा जवळजवळ निम्म्यानं कमी सांगितलं होतं आणि हालचाल निम्म्यानं जास्त. ती माणसं खोटारडी नव्हती. आपलं खाणं आपल्याला दिसत नाही, आणि दमल्यावर तर मुळीच नाही.

इथपर्यंतचं कुणी चांगला आहारतज्ज्ञही सांगेल. सुवर्णाताईंचं खरं दुखणं तिसऱ्या भेटीत बाहेर आलं. दिवसातून किती वेळा वजन करता, असं विचारल्यावर त्या थोडं थांबून म्हणाल्या, “उठल्यावर, टेकडीवरून आल्यावर आणि झोपताना.” सकाळचा आकडा दोनशे ग्रॅमनी जास्त दिसला की नाश्ता नाही आणि त्या दिवशी मुलीला बोलणी. मी म्हटलं, “पहिल्या चार महिन्यांतलं सगळ्यात छान काय आठवतं?” मला वाटलं होतं, साखर कमी आली हे सांगतील. त्या म्हणाल्या, “भिशीत सगळ्या म्हणायच्या, अगं किती बारीक झालीस! नवरासुद्धा म्हणाला होता. आता कुणी काहीच म्हणत नाही. सासूबाई तर परवा म्हणाल्या, एवढं करतेस, तर फरक कुठंय?”

आपल्याकडे बाईच्या वजनावर बोलायला ओळखही लागत नाही. ‘सुटलीस’ असं तोंडावर म्हणतात आणि ‘बारीक झालीस’ हे कौतुक असतं. दोन्हींत हिशेब दुसऱ्याच्या हातात. सुवर्णाताईंना चार महिने जे कौतुक मिळालं, तसं त्यांना नोकरीतल्या बढतीनंतरही मिळालं नव्हतं, हे त्यांचेच शब्द. काटा थांबला तसं तेही आटलं. संध्याकाळच्या उड्या त्या चरबीसाठी मारतच नव्हत्या. कुणीतरी पुन्हा काहीतरी म्हणावं, यासाठी गुडघे झिजवत होत्या.

मग मी त्यांच्यापुढे एक जुना दाखला ठेवला. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर अमेरिकेत मोठी चाचणी झाली, निष्कर्ष २००२ मध्ये आले. तिथं लोकांना दिलेलं लक्ष्य होतं वजनात ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम. तेवढ्यानं मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. ७८ किलोचे ७ टक्के म्हणजे साडेपाच किलो. सुवर्णाताईंनी सात उतरवले होते. ज्यासाठी घराबाहेर पडल्या होत्या, ते पदरात पडलं होतं आणि त्या स्वतःला नापास ठरवून बसल्या होत्या. हे ऐकून त्या रडल्या, मग म्हणाल्या, “हे मला कुणी सांगितलंच नाही.”

पुढचं तसं साधं. वजनकाटा माळ्यावर गेला आणि फक्त शनिवारी सकाळी खाली यायचा. पहिले काही दिवस त्यांनी स्टूल घेऊन तो चोरून काढलाही, आपण होऊन सांगितलं. दोरीच्या उड्या बंद. झुंबा आवडतो म्हणून आठवड्यातून दोनदा ठेवला, दोन दिवस वजनं उचलायचा व्यायाम, पहाटेची टेकडी तशीच, आणि रविवार मोकळा. पाच तासांची झोप साडेसहावर आणायला मात्र फार झगडावं लागलं, कारण मुलगी रात्री अभ्यासाला बसते. आहारतज्ज्ञांनी घट्ट वरण, उसळी, अंडी वाढवली आणि शेंगदाणे ड्रॉवरमधून डब्यात आणले. सासूबाईंना काय उत्तर द्यायचं याचा आम्ही सराव केला. “आई, साखर उतरलीय, तेवढ्यासाठीच चालते.” एवढंच, भांडण नाही.

काटा पुढचे तीन आठवडेही ७१ वरच होता. कंबर मात्र चार सेंटिमीटरनी उतरली. मग सावकाश ६९. एचबीए१सी ५.७ आलं.

कुणी दुखापत असतानाही व्यायाम चुकवू शकत नसेल, एक दिवस सुट्टी घेतली तर जेवण टाळत असेल, पाळी बंद झाली असेल, चक्कर येत असेल किंवा केस मूठभर गळत असतील, तर हा प्लॅटोचा प्रश्न राहत नाही. अशा वेळी आधी डॉक्टर, आणि लगोलग समुपदेशक. सुवर्णाताई त्या वाटेवर दोन-चार पावलं गेल्या होत्या, म्हणून हे स्पष्ट लिहिते.

सध्या त्या पुन्हा थांबल्या आहेत, ६९ वर. उंचीच्या मानानं आणखी उतरवायला जागा आहे, ते त्यांनाही माहीत आहे. उतरवायचं की हेच टिकवायचं, हे त्या पुढच्या तपासणीनंतर डॉक्टरांशी बोलून ठरवणार आहेत. तोवर मुलीची परीक्षा आहे, आणि त्या काळात नवीन काही सुरू करायचं नाही, असं त्यांनी मला बजावून ठेवलं आहे.